नाव रत्नागिरीचे, खेळपट्टी गहुंज्याची

महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच मोसमाचा अंतिम सामना २०२३ च्या जूनअखेर पावसात वाहून गेला. राखीव दिवशीही खेळ झाला नाही, आणि साखळीत अव्वल राहिल्यामुळे अझीम काझीच्या रत्नागिरी जेट्स संघाला विजेता घोषित करण्यात आले. पुढच्या वर्षी याच संघाने अंतिम सामन्यात ईगल नाशिक टायटन्सला हरवून चषक राखला. सलग दोन वर्षे राज्याच्या लीगवर रत्नागिरीचे नाव कोरले गेले, पण त्यातला एकही चेंडू रत्नागिरीत पडला नाही. सगळी स्पर्धा पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर झाली. रत्नागिरीहून तिथे जायचे तर घाट चढून तीनशेच्या आसपास किलोमीटर.

यात संघमालकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. अख्खी लीगच एका मैदानावर भरते आणि नियम त्यांच्याकडून याहून अधिक काही मागत नाही. नेमके हेच बदलायला हवे. जिल्ह्याचे नाव ज्या संघाला मिळते, त्याने त्या जिल्ह्यात मातीची खेळपट्टी आणि सीझन बॉलचा, म्हणजे लेदर बॉलचा, एक नियमित मोसम उभा केलाच पाहिजे, अशी अट करारात असावी. मालकाच्या मर्जीवर किंवा कुणाच्या मोठ्या मनावर हे सोडू नये. कारण असे संघ फार जगत नाहीत. २०२३ च्या सहा संघांपैकी सोलापूर आणि छत्रपती संभाजी ही नावे २०२५ च्या यादीत नव्हती. त्यांच्या जागी सातारा आणि रायगड आले. आयपीएलमध्ये कोची टस्कर्स केरळ एकच मोसम खेळला, पुणे वॉरियर्स तीन, रायझिंग पुणे दोन. संघ जाणार हे गृहीत धरूनच त्याच्याकडून काय घ्यायचे ते आधी ठरवावे लागते.

अल्पायुषी संघ खेळाडूंना काहीच देत नाहीत असे मात्र नाही. रायझिंग पुणेचेच पाहा. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली म्हणून हा संघ जन्मला, आणि पहिल्या दिवसापासून त्याचे आयुष्य दोनच मोसमांचे होते. २०१६ मध्ये धोनी, रहाणे, अश्विन, स्मिथ, ड्यू प्लेसी अशी नावे घेऊनही तो आठ संघांत सातवा आला. पीटरसन, ड्यू प्लेसी, मिचेल मार्श आणि स्मिथ एकामागून एक दुखापतींनी गेले. दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले आणि घरचे मैदान विशाखापट्टणमला गेले. त्या वर्षात लक्षात राहावे असे थोडेच: झॅम्पाचे हैदराबादविरुद्ध १९ धावांत ६ बळी, स्मिथचे गुजरातविरुद्धचे शतक आणि रहाणेच्या ४८० धावा.

२०१७ चा मोसम वेगळा. स्मिथ कर्णधार झाला, बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी खर्च झाले आणि त्याने गुजरातविरुद्ध गहुंज्यात नाबाद १०३ करून ती बोली बऱ्याच अंशी फेडली. पण त्या संघाची खरी कमाई स्वस्तातल्या माणसांची होती. जयदेव उनाडकट तीस लाखांत आला होता. त्याने १२ सामन्यांत २४ बळी घेतले. हैदराबादला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या असताना त्याने हॅटट्रिक घेतली आणि षटक निर्धाव टाकले. वेग बेताचाच, पण चेंडू सोडताना बोटे शिवणीवरून आडवी ओढली की तोच चेंडू खेळपट्टीत अडकून उशिरा येतो, हे त्याने हत्यार केले. ते हत्यार चालायला मात्र चेंडू पकडणारी मातीची खेळपट्टी लागते. सिमेंटवर तो चेंडू नुसता घसरतो. दहा लाखांत घेतलेल्या राहुल त्रिपाठीने १४ सामन्यांत ३९१ धावा केल्या, त्यात ईडन गार्डनवरच्या ५२ चेंडूंतल्या ९३. अश्विनच्या दुखापतीमुळे सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरला जागा मिळाली आणि पहिल्या क्वालिफायरमध्ये वानखेडेवर त्याने मुंबईचे तीन गडी अवघ्या १६ धावांत टिपले.

त्या मोसमात मुंबईला तीनदा हरवून हा संघ हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात पोचला आणि १३० धावांचा पाठलाग करताना एका धावेने हरला. मुंबईची अवस्था ७ बाद ७९ असताना कृणाल पंड्याला ४७ धावा करू देणे ही पहिली चूक. दुसरी अधिक महागात पडली: रहाणे ४४ करून गेल्यावर हातात गडी असूनही मधली षटके एकेक धाव घेत काढली आणि सगळा भार शेवटावर टाकला. मिचेल जॉन्सनच्या अखेरच्या षटकात ११ हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला आणि पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी व स्मिथ दोघेही झेल देऊन परतले. १२९ला उत्तर १२८, आणि त्याबरोबर संघाचे आयुष्यही संपले.

पुढच्या लिलावात उनाडकटला राजस्थानने साडेअकरा कोटी दिले, त्रिपाठीला ३ कोटी ४० लाख. शार्दूल ठाकूर २ कोटी ६० लाखांत चेन्नईकडे गेला. म्हणजे दोन वर्षांचा संघ मेला तरी त्याने उघडलेली दारे खेळाडूंसाठी उघडीच राहिली. नवा संघ उभा राहतो तेव्हा अकरा जागा नव्याने भराव्या लागतात, दुसऱ्या फळीला तिथे शिरता येते. नव्या लीगचे, नव्या संघांचे स्वागत करायला हे कारण पुरेसे आहे.

पण त्या जागेपर्यंत पोचतो कोण? त्या पुणे संघात कोकणपट्टीतला खेळाडू होता तो शार्दूलच, पालघरजवळच्या माहीमचा. २०१७ मध्ये त्याने १२ सामन्यांत ११ बळी घेतले, क्वालिफायरमध्ये तीन. त्याच्या गुणांबद्दल वाद नाही, आणि पहाटेच्या गाडीने मुंबई गाठण्याच्या कष्टांबद्दल तर नाहीच. तरी दोन गोष्टी त्याच्या बाजूने होत्या. पालघर क्रिकेटच्या दृष्टीने मुंबईच्या संघटनेत मोडते, आणि पालघरहून थेट रेल्वे बोरिवली-चर्चगेटला जाते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे महाराष्ट्र संघटनेत. खेडच्या किंवा कुडाळच्या मुलाला निवड चाचणीसाठी पुण्याला जायचे म्हणजे घाट चढून मुक्काम करणे आले. कोकण रेल्वेने त्याला मुंबई सोपी, पण मुंबईच्या संघात त्याला दार नाही. सावंतवाडीचा निखिल नाईक इथूनच निघून महाराष्ट्राकडून खेळला आणि आयपीएलमध्ये पंजाब व कोलकात्याच्या संघांत गेला. वाट अगदीच बंद नाही. मात्र एका मुलाच्या जिद्दीवर तीन जिल्ह्यांचे क्रिकेट चालवता येत नाही.

कोकणात क्रिकेट कमी खेळले जाते असे कुणी म्हणणार नाही. डिसेंबर ते मे वाडीवाडीत चषक असतो. चिपळूणच्या पवन तलाव मैदानापासून सावंतवाडीच्या जिमखान्यापर्यंत प्रकाशझोतात टेनिस बॉलचे सामने चालतात, मुंबईतली मंडळी मे महिन्यात गावच्या संघासाठी सुट्टी टाकून येतात. २०२४ पासून टेनिस बॉलची स्वतःची मोठी लीग सुरू झाली, तिचा पहिला मोसम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर झाला. हे सगळे चांगलेच आहे आणि ते टिकावे. फक्त ते सीझन बॉलच्या क्रिकेटची पहिली पायरी आहे, असे समजणे चुकीचे.

टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतबाहेर, लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम. टेनिस बॉलला शिवण नाही, त्यामुळे मनगट शिवणीमागे सरळ ठेवण्याची सवयच गोलंदाजाला लागत नाही. वेग काढायला कोपर वाकवून झटका देतात आणि गावच्या सामन्यात पंच तिकडे पाहतही नाही. पुढे कुणी कॅमेऱ्यासमोर तपासले की पंधरा अंशांची मर्यादा आड येते आणि विशीतला मुलगा ॲक्शन बदलत बसतो. फलंदाज सहा-आठ षटकांच्या सामन्यात पहिल्या चेंडूपासून मिडविकेटवर आडवी बॅट फिरवतो. टेनिस बॉलला उसळी असते, तो बॅटवर येतो. नवा लेदर बॉल पडल्यावर दोन बोटे हलला तरी तीच बॅट त्याला स्लिपमध्ये पाठवते. झेलाचेही तसेच. हलका चेंडू कडक हातांनी धरला तरी चालतो, लेदर बॉल कडक हातांना लागून बाहेर पडतो आणि बोट मोडतो ते वेगळेच. या सवयी चौदा-पंधराव्या वर्षी मोडता येतात. बाविसाव्या वर्षी फार थोड्यांना जमते.

म्हणून प्रश्न येऊन थांबतो मातीवर. पुष्कळ ठिकाणी सिमेंटच्या पट्टीवर हिरवी कृत्रिम चटई अंथरून सीझन बॉलचा सराव चालतो. काहीच नसण्यापेक्षा बरे. पण तिथे उसळी कायम एकसारखी आणि वेग जास्त, फिरकी जवळपास नाही. तिथला फलंदाज पुढे येऊन चेंडूच्या टप्प्यावर खेळायला शिकतच नाही. काथ्याच्या मॅटिंगवर फिरकी मिळते, पण मॅट सैल राहिली की चेंडू घडीवर बसतो. ती चारही बाजूंनी ताणून खिळे ठोकणे आणि खालचा मुरूम रोज पाणी मारून दाबणे कुणी नेमाने करत नाही. निवड चाचणी होते मातीवर, आणि तिथे पहिल्यांदाच मातीवर उतरलेला मुलगा तीन चेंडूंत परत येतो. निवडकर्त्यांना त्यात गुण दिसला नाही तर त्यांना बोल कसा लावणार?

‘कोकणात टर्फ विकेट (मातीची खेळपट्टी) टिकत नाही, खाली जांभा आणि वर धो धो पाऊस’ हे ठरलेले उत्तर आहे. ते खरे नाही, फक्त काम जास्त आहे. जांभ्याच्या मातीत चिकणपणा कमी, ती दाबली तरी बांधली जात नाही. काळी चिकण माती घाटावरून आणावी लागते. किती? दहा फूट रुंद, ऐंशी फूट लांब पट्ट्यावर दाबून आठ इंचांचा थर हवा असेल तर सुमारे ५३३ घनफूट, म्हणजे सव्वापाच ब्रास. सुटी माती दाबल्यावर बसते, तेव्हा साडेसात ब्रास मागवावी. पाच पट्ट्यांच्या चौकाला ३७-३८ ब्रास. रत्नागिरीला कोल्हापूरच्या बाजूने ती आणायची तर आंबा घाटाचा रस्ता सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा आहे. तीन ब्रासचे डंपर धरले तर तेरा खेपा. व्यावसायिक संघाच्या एका मोसमाच्या हॉटेलखर्चापुढे ही रक्कम किरकोळ ठरेल.

माती आणणे सोपे. गडबड होते ती खड्ड्यात आणि थरांत. कातळात सोळा इंच खोदले की पावसाळ्यात त्याची टाकी होते, बाजूने झिरपलेले पाणी आत साचते आणि वरून कोरडी दिसणारी खेळपट्टी खाली लोण्यासारखी राहते. म्हणून खड्ड्याच्या तळाला एका बाजूला उतार देऊन उताराच्या टोकाला चर काढून पाणी बाहेर न्यावेच लागते. तळाला चार इंच खडी, त्यावर चार इंच जाड वाळू, मग माती. ही वाळू खाडीची नको, तिच्यातले मीठ वर येते. माती एकदम आठ इंच ओतून रोलर फिरवला तर वरचे दोन इंच घट्ट आणि खाली भुसभुशीत. दोन-दोन इंच पसरून प्रत्येक थर आधी हलक्या आणि मग जड रोलरने दाबायचा. पुढचा थर टाकण्याआधी खालच्या थराचा पृष्ठभाग दंताळ्याने ओरखडून ओला करायचा. हा ओरखडा चुकला की थर एकमेकांना धरत नाहीत, सहा महिन्यांत वरचा पापुद्रा सुटतो आणि चेंडू घोट्याखाली राहतो. खेळपट्टी ‘बसली’ म्हणतात त्यातल्या पुष्कळ इथे बिघडलेल्या असतात.

रोलर कधी फिरवायचा हे माळी जाणतो तेवढे कुणी जाणत नाही. मुठीत दाबल्यावर मातीचा गोळा व्हावा पण तळहाताला चिकटू नये, ती वेळ. ओली असताना फिरवला तर रोलरपुढे मातीची लाट उठते आणि पट्टा मधोमध खोलगट होतो. वाळल्यावर फिरवला तर नुसता आवाज होतो, दाबले काहीच जात नाही. पाणी खाडीकाठच्या विहिरीचे असेल तर आधी चाखून पाहावे. मचूळ पाण्याने हरळी पिवळी पडते आणि माती वरून पिठासारखी सुटते. खाऱ्या वाऱ्याने रोलरचे बेअरिंग आणि गवत कापायच्या मशीनची पाती एका पावसात गंजतात, म्हणून ती आच्छादनाखाली, ग्रीस लावून ठेवावी लागतात.

पावसाळ्यात चार महिने ताडपत्री टाकून ठेवणे ही तर सर्रास होणारी चूक. खाली हरळी कुजते. रत्नागिरीत मोसमात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच्याशी झगडू नये. हरळी वाढू द्यावी, तिची मुळेच माती धरून ठेवतात. ऑक्टोबर सरताना गवत उतरवायचे, अर्धा इंच ताजी माती चाळून भरायची, नोव्हेंबरभर पाणी आणि रोलर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खेळपट्टी उभी राहते आणि मे अखेरपर्यंत चालते. जवळपास पंचवीस शनिवार-रविवार हाती येतात. पाच पट्टे आळीपाळीने वापरले तर प्रत्येकाला सामन्यानंतर महिनाभर विश्रांती मिळते. एकच पट्टा बांधला तर जानेवारीतच त्याची माती होते. आणि चौकाला कायमचे कुंपण हवे. आपल्या तालुक्यांची मैदाने सभा, प्रदर्शने, आनंदमेळे, सगळ्यांसाठी वापरली जातात. मंडपाच्या खांबासाठी खेळपट्टीत पाडलेला एक खड्डा वर्षाची मेहनत घालवतो.

हे कागदावरचे गणित नाही. सावंतवाडीला लागून असलेल्या गोव्यात पर्वरीच्या मैदानावर रणजी सामने होतात. माती, पाऊस, खारा वारा तोच. केरळचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कोची टस्कर्स २०११ मध्ये आले. जयवर्धने, मॅक्युलम, मुरलीधरन, लक्ष्मण, जडेजा एवढी नावे. चौदापैकी सहा सामने जिंकून संघ दहांत आठवा आला, त्याच्याच घरी इशांत शर्माने १२ धावांत ५ बळी घेऊन त्याला गारद केले, आणि सप्टेंबरात बँक हमीच्या वादावरून फ्रँचायझी रद्द झाली. त्यानंतर वर्षानुवर्षे चालला तो लवाद आणि न्यायालयातला पैशांचा खटला. केरळचे क्रिकेट त्यातून उभे राहिले नाही. ते राहिले जिल्ह्याजिल्ह्यातल्या मैदानांवर: वायनाडमधले कृष्णगिरी, थुंबा, तोडुपुळा. कृष्णगिरीच्या डोंगरावर जानेवारी २०१९ मध्ये केरळने गुजरातला हरवून पहिल्यांदा रणजीची उपांत्य फेरी गाठली आणि २०२४-२५ मध्ये ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. पाऊस आणि जांभा दोन्ही त्यांच्याकडे आहेत. जून-जुलै त्यांनी सोडून दिला आणि उरलेल्या महिन्यांसाठी माती बांधली.

आक्षेप दोन, आणि दोन्ही गंभीर. पहिला असा की लीग जूनमध्ये भरते, आयपीएलनंतर आणि देशांतर्गत मोसमाआधी तेवढीच जागा उरते, आणि जूनमध्ये रत्नागिरीत सामना भरवणे अशक्य. मान्य. प्रक्षेपण, प्रकाशझोत, सहा संघांची राहण्याची सोय, हे सगळे एका जागी ठेवण्यात शहाणपण आहे. लीगचे सामने रत्नागिरीत आणा असा आग्रह धरूच नये. मागायचे ते डिसेंबर ते मे. संघाची निवड चाचणी पुण्याबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही मातीवर व्हावी. फेब्रुवारीत संघाचे पंधरा दिवसांचे शिबिर जिल्ह्यात लागावे. सोळा आणि एकोणीस वर्षांखालील मुलांसाठी किमान आठ संघांची, पन्नास षटकांची साखळी स्पर्धा संघाच्या पैशाने चालावी. वीस षटकांची मुद्दाम नको. टेनिस बॉलमधून आलेल्या मुलाला पन्नास षटके क्षेत्ररक्षण करून मग तासभर उभे राहण्याची सवय लागणे, हाच तर त्याचा खरा अभ्यास आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. या लीगमध्ये २०२३ च्या लिलावात सर्वाधिक बोली नौशाद शेखवर लागली, सहा लाखांची. आयपीएलच्या मानाने हा खेळ छोटा आहे, मालकांवर आणखी ओझे टाकले तर ते निघून जातील, असे म्हणतात. जातील तर जातील. ते तसेही कधीतरी जाणारच आहेत. पाच पट्ट्यांचा चौक एकदाच बांधायचा असतो. त्यानंतरचा खर्च म्हणजे दोन माळ्यांचा बारमाही पगार, दरवर्षी तीन-चार ब्रास माती, पाणी, डिझेल. बांधणीची रक्कम पहिल्याच वर्षी राज्य संघटनेकडे अनामत ठेवून घ्यावी आणि देखभालीची दरसाल फ्रँचायझी शुल्कातून परस्पर वळती करावी. मालक बदलला, नाव बदलले, संघ बंद पडला तरी माळ्यांचा पगार थांबता कामा नये. वर्षभर हात फिरला नाही तर खेळपट्टी मरते, आणि मेलेली पुन्हा उभी करायला नव्याइतकाच खर्च येतो. जमीन नगरपरिषदेची असेल तर दहा वर्षांचा वापराचा करार आधी व्हावा, नाहीतर पुढचा कुणी तिथे व्यापारी संकुलाची पाटी लावून मोकळा होईल.

हे मागायचे कुणी? रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्हा संघटनांनी मिळून. रायगडाचेही नाव आता लीगमध्ये आहे, म्हणजे तिघांपैकी दोघांची नावे वापरात आहेत. एकेकट्याने अर्ज केला तर तो फायलीत राहील. तिघांनी मिळून फ्रँचायझी कराराच्या पुढच्या नूतनीकरणाआधी, जागेचे उतारे आणि माती-मजुरीचा अंदाज जोडून मागणी केली तर संघटनेला उत्तर द्यावे लागेल. वेळही पाहून घ्यावी. खोदाई नोव्हेंबरात, जमीन वाफशावर असताना सुरू व्हायला हवी, थर भरायला फेब्रुवारी उजाडतो आणि पावसाआधी हरळी धरली पाहिजे. यंदाचा दिवाळीनंतरचा महिना हुकला तर कोकणातल्या पोरांचा आणखी एक मोसम सिमेंटवर जाईल.